सॉकेटमधला घरजावई

आमच्या बदनापूरच्या घरात घरजावई बरेच होते. मी सोडून बाकीचे सगळे एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात राहायचे आणि कामाचे होते.

हा शब्द माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे रंगनाथ सरांचा. त्या कॉम्प्युटरमधली एखादी चिप मेली आणि तशी चिप आता बाजारात मिळेना, की तिच्या जागी बसवायला ते घरीच एक बोटभर पाटी तयार करत. तांब्याचा पातळ थर असलेली पाटी, तिच्यावर आजकाल मिळणारी एखादी नवी चिप आणि खाली दोन रांगांत बारीक पाय. मेलेली चिप ज्या खाचेत बसायची ते सॉकेट. त्यात हे पाय गेले की मशीनची समजूत व्हायची, आपलं जुनं माणूस परत आलं. दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचं आणि त्याचं काम बिनबोभाट करायचं, म्हणून तो घरजावई. "वैशू, जावई बसला का बघ गं," असं ते आतून लेकीला ओरडून विचारत तेव्हा मी पाटावर असेन तर घास खाली ठेवून उठून उभा राही. पहिलं वर्षभर तरी ते मलाच उद्देशून असावं असं मला वाटायचं.

मी मूळचा टेंभुर्णीचा. जालन्याला एका कॉलेजात मराठी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर नुसताच पांढरा शर्ट घातलेला गृहस्थ. लग्न झाल्यावर "जालन्यात खोली मिळेपर्यंत दोन महिने" म्हणून सासुरवाडीला राहायला आलो. ती खोली मी अजून शोधतोय. गावाकडचे लोक विचारतात, "काय मंग, सासुरवाडी मानवून राह्यली का?" मी म्हणतो, हो, वजन वाढलंय.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सासूबाईंना मामी. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामा हायस्कूलमधून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. अंगावर कायम बनियन, कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा, आणि हरवलेला तिसरा ते दिवसभर शोधत. नम्रपणा हा गुण त्यांच्यात औषधालासुद्धा नव्हता. फोडणीच्या वासापासून रेल्वेच्या सिग्नलपर्यंत सगळ्या विषयांत त्यांचं मत ठाम असे, आणि निम्म्या वेळा ते चुकीचं निघे. मग म्हणत, "माझं बराबर होतं, वेळ चुकली." एकदा स्टेशनवर त्यांनी भरल्या फलाटाला सांगितलं की गाडी दोन नंबरला येणार. वीसेक माणसं सामानसुमान घेऊन जिना चढून पलीकडे गेली. गाडी एक नंबरला आली. मामा पलीकडून ओरडून ड्रायव्हरला त्याची चूक सांगत होते.

तो कॉम्प्युटर शाळेचा. फार पूर्वी सरकारकडून शाळेला मिळालेला. सबंध मशीन कीबोर्डच्याच डब्यात, पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढवायचा. शाळेत तो कुलूपबंद खोलीत ठेवत आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालत. पुढे तो भंगारात काढायचं ठरलं तेव्हा मामांनी तो रीतसर मागून घेतला आणि मांडीवर ठेवून रिक्षातून घरी आणला. मामी म्हणतात, वैशूला दवाखान्यातून आणलं तेव्हासुद्धा ते एवढे जपून बसले नव्हते.

या मशीनवर मामांनी स्वतः प्रोग्राम लिहिला होता, पत्रिका जुळवायचा. विज्ञानाच्या शिक्षकाने हे करावं याचं मला नवल वाटे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "पत्रिका बघणारे गुरुजी बेरजेत चुकतात. अन् चुकत न्हाईत तवा कुणाच्या तरी शब्दाखातर चुकवतात. मी शिकवलेली पोरंपोरी, त्यांची लग्नं मोडतात याच्यानं. म्हणून मशीन." ग्रह खरे की खोटे या वादात ते पडत नसत. पंचांगातली कोष्टकं त्यांनी एका सुट्टीत बसून मशीनला भरवली होती. "पंचांग जे म्हणतं ते मशीन सांगतं. मधी कुणाचा मामा न्हाई की काका न्हाई." स्वतःला ते निरोप्या समजत. मात्र निरोप पोचवण्यात तसूभर फरक पडला तर त्यांना जेवण जात नसे.

कॅसेटवरचा प्रोग्राम टेपरेकॉर्डरवर वाजवला तर चिमटीत धरलेल्या उंदरासारखा आवाज येतो. एकदा शेजारच्या मुलीच्या हळदीला मामींनी सनईची म्हणून जी कॅसेट दिली ती नेमकी हीच निघाली. भोंग्यातून निम्म्या बदनापूरला पत्रिकेचा प्रोग्राम ऐकू गेला. मामा चपला न घालता मांडवात धावले. मंडपवाल्याच्या हातून कॅसेट घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "रिवाइंड केली का?"

तरी लोक येत. आता मोबाईलवर क्षणात पत्रिका जुळते, पण मोबाईल प्रत्येकाला वेगळे गुण देतो अशी लोकांची तक्रार. सरांचं मशीन थांबून विचार करतं, हे त्यांना आवडे. पडद्यावर आकडा यायला चांगली पाच मिनिटं लागत. तेवढ्यात दोन्हीकडचे व्याही एकमेकांची शेती, पाणी, पाहुणेरावळे सगळं काढून घेत आणि निम्मं लग्न तिथंच जुळे.

आमचंही तिथंच जुळलं. त्या वेळी मामींच्या भावाने वैशालीसाठी एक स्थळ आणलं होतं, बियाण्याच्या कंपनीतला अधिकारी, चारचाकी असलेला. वैशालीने माझं नाव सांगितलं. मामींनी माझी चौकशी केली. त्यात त्यांना तासिका तत्त्व हा शब्द सापडला आणि मग तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी मामा म्हणाले, मशीनला विचारू. मे महिन्याची दुपार, वीज सारखी जात होती, कूलर बंद. टीव्हीवर आकडा आला, अठ्ठावीस. छत्तीसपैकी अठ्ठावीस. अठरा आले तरी लग्नं होतात. मला आयुष्यात कुठल्याही परीक्षेत इतके पडले नव्हते.

मामींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. "तुम्ही मशीनच्या भरवशावर पोरगी देऊन राह्यलात," त्या मामांना म्हणाल्या. "द्या. पण ध्यानात ठेवा, उद्या हे खोटं निघालं तर तुमच्या एका शब्दावर मी भरवसा ठेवायची न्हाई."

"मशीन खोटं बोलत न्हाई," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून मी या घरात अठ्ठावीस गुणांच्या जोरावर जेवतो आहे. माझी नोकरी कायम झाली नाही, मी आणलेलं कलिंगड पांढरं निघालं, मी लावलेला नळ गळला, की मामी एक उसासा टाकून म्हणत, "जाऊ द्या, अठ्ठावीस हायेत." पुढे कुठल्याशा मुद्द्यावर मी जिंकतो आहे असं वाटलं की मीही हेच वाक्य वापरू लागलो.

घरजावई तयार करायचं काम मामांच्या खोलीत चाले. आधी पाटीवर मार्करने रेघा काढायच्या. मग ती पिवळ्या-तपकिरी पाण्यात बुडवायची. रेघ सोडून बाकीचं तांबं ते पाणी खाऊन टाकतं. हे पाणी मामांनी एकदा मामींच्या शिऱ्याच्या स्टीलच्या ताटात ओतलं. ताटाला भोक पडलं. मामांनी ते भोक मोजलं आणि पाणी चांगल्या प्रतीचं असल्याचं जाहीर केलं. मग बारीक ड्रिलने छिद्रं आणि शेवटी पाय. या पायांवर मामांचा फार जीव. बाजारात मिळणाऱ्या तयार पिना चौकोनी नि जाड असतात, त्या ते हातात धरत नसत. घरात साठवलेल्या बारीक तारांचे तुकडे कापून ते पाय करत आणि एकेक कथिलाने झाळत.

"जाड पाय कशाला नको, ते समजून घ्या," त्यांनी मला पहिल्याच वर्षी समोर बसवून सांगितलं. "सॉकेटच्या आत बारीक पाती असतात, ती पायाला धरून ठेवतात. जाड पायाचा जावई एकदा घुसवला की पाती फाकतात. मंग त्या घरात पुन्हा कुणी टिकत न्हाई. आपण बसावं असं, की उद्या घरचं माणूस परत आलं तर त्याला त्याची जागा हाये तशी मिळाली पाह्यजे."

मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी न्हाणीघरातला माझा जादा टॉवेल काढून घेतला.

दुसरा नियम मापाचा. पाटी सॉकेटपेक्षा फार रुंद झाली की शेजारच्या चिपांना टेकते, उंच झाली की वरचं झाकण बसत नाही. पहिल्या काही पाट्या अशाच झाल्या. नाकापेक्षा मोती जड. मामी दारातून बघून म्हणत, "जावई हाये का रेडा?" मामा त्या पाट्या फेकून देत नसत. देवघराच्या फळीखाली एका डब्यात त्या ठेवलेल्या असत. मी त्यांना माझे साडू म्हणायचो.

तिसरा नियम शेंडीचा. चिपच्या एका टोकाला खाच असते. ती सॉकेटच्या खाचेवर आली पाहिजे, तर चिप सुलटी. मामा त्या खाचेला शेंडी म्हणत. एकदा त्यांच्या बोटाला पट्टी होती म्हणून त्यांनी एक तयार पाटी माझ्या हाती दिली. "बसवा, शेंडी खिडकीकडं." मी बसवली. बटण दाबलं. बारीकसा धूर निघाला आणि खोलीत जळक्या रबराचा वास पसरला. मामा शांतपणे म्हणाले, "खिडकी कोणती?" त्या खोलीला दोन खिडक्या होत्या, हे मला तोवर कळलंच नव्हतं. तेव्हापासून मला त्या खोलीत फक्त झाडायची परवानगी होती, तीही फुंकर न मारता.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग एका मे महिन्यात आमच्या टेंभुर्णीचे एक कापसाचे व्यापारी, शेठजी म्हणू, मुलाची पत्रिका घेऊन आले. घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या टेंभुर्णीत गेलेल्या, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच. मुलीचे वडीलही बरोबर होते. नेहमीप्रमाणे पाच मिनिटं शेतीपाणी झालं. पडद्यावर आकडा आला, पन्नास.

मी पहिल्यांदा डोळे चोळले. छत्तीसपैकी पन्नास.

शेठजींनी आकडा मोठ्याने वाचला आणि व्याह्यांना मिठीच मारली. "छत्तीसात पन्नास! असा जोडा पूर्ण जिल्ह्यात सापडायचा न्हाई."

मामांचा चेहरा उतरला होता. "शेठ, थांबा जरा. मशीन तापलंय."

"तापू द्या की सर," शेठजी म्हणाले. "पण आता कमी करू नका."

पाहुणे पेढे देऊन गेले. मामांनी एकाही पेढ्याला हात लावला नाही. मशीनचं झाकण उघडलं आणि दोन दिवस त्यात डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला, वैशालीला आणि मामींना खोलीत बोलावलं आणि फळ्याजवळ उभे राहून शिकवावं तसं सांगितलं. मशीन गुणांची बेरीज करतं आणि ती एका घरात ठेवतं. त्या घरात एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशी बटणं असतात. त्यातलं सोळाचं बटण उन्हाळ्यात चिप तापली की चालूच राहतं. खरे चौतीस असले तर वाचताना पन्नास येतात. दोन असले तर अठरा. ज्यांच्यात सोळा आधीच धरलेले असतात त्यांचं काही बिघडत नाही.

"थंडीत बराबर सांगतं," मामा म्हणाले. "उन्हाळ्यात खोटं. कधीपासून, ते सांगता येत न्हाई."

लग्नं ठरतात उन्हाळ्यातच. मी मराठीचा माणूस, मला वजाबाकी करून किती वर्षं झाली होती देव जाणे, पण त्या क्षणी अठ्ठावीसातून सोळा वजा झाले आणि बारा उरले. वर बघितलं तर मामींचेही ओठ हलत होते. वैशाली छताकडे बघत होती. अठ्ठावीस हे खरे अठ्ठावीस असू शकत होते, किंवा बारा. बारा म्हणजे सपशेल नापास.

"आपल्या वैशूचं परत काढा," मामी म्हणाल्या.

"खराब चिपवर न्हाई काढणार. खोटं बोलणाऱ्याची साक्ष थंडीतसुद्धा घ्यायची नसते. नवा जावई बसू द्या, मंग काढतो."

मोबाईलवर एका मिनिटात बघता आलं असतं. मी दोनदा नावं भरली आणि दोन्ही वेळा बाहेर आलो. वैशालीला विचारलं तर म्हणाली, "मला अठ्ठावीस कधी वाटलेच नव्हते." एवढं बोलून ती शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायला बसली, आणि मी ते वाक्य घेऊन रात्रभर कुशी बदलत राहिलो.

मामांच्या मनाला मात्र दुसराच घोर लागला. उन्हाळ्यात ज्यांची लग्नं त्यांनी जुळवली होती त्यांना जाऊन सांगायला हवं, असं त्यांनी ठरवलं. मी विरोध केला. म्हटलं, मामा, लोकांची पोरं शाळेत जायला लागलीत. "शाळेत जातात म्हणून काय खोटं खरं होतं का?" असं म्हणून त्यांनी धोतराच्या जागी पँट चढवली, आणि आम्ही बस नि जीप बदलत घनसावंगीला पोचलो. तिथे त्यांच्या एका विद्यार्थ्याचं खताबियाण्यांचं दुकान होतं. तो आणि त्याची बायको दोघंही काउंटरला. सर आलेले बघून दोघंही उठले, पाया पडले, थंड मागवलं.

मामांनी ग्लास बाजूला ठेवला. "मी माफी मागायला आल्तो. तुमचे वीस गुण आले होते. ते खरे वीस असतील, न्हाई तर चार. माझ्या मशीनमधी खोट निघाली."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"चारच असतील, सर," बायको म्हणाली. "मला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं."

"चार तरी कुठले," नवरा म्हणाला.

मग ते दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून जे हसत सुटले, ते गिऱ्हाईक आलं तरी थांबेनात. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढताना त्यांचं मिठावरून एकदा आणि गाडीच्या चावीवरून एकदा कडाक्याचं भांडणही झालं, आणि त्यात दोघांपैकी कुणाचीच भूक कमी झाली नाही. परतीच्या जीपमध्ये मामा खिडकीशी बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चार असतील तर यांचं इतकं बरं कसं काय चाललंय?" मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाले, "तुम्हाला न्हाई विचारलं, मी विचार करून राह्यलो." त्यानंतर ते दुसऱ्या कुणाच्या घरी सांगायला गेले नाहीत.

नव्या जावयाचं काम सुरू झालं, पण तो काही बसेना. त्या चिपच्या नावाने मागवलेल्या चिपा आल्या त्या नुसत्या नावाच्याच निघाल्या. म्हणून पाटी करणं भाग होतं. एक पाटी रेघ तुटली म्हणून बाद, एक रुंद म्हणून, एक पाय वाकडे म्हणून. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मामांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी त्याला कंप म्हणतात असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. झाळताना कथिलाचा थेंब दोन पायांच्या मधोमध पडे आणि पाटी वाया जाई. मामा खोलीचं दार लावून घेऊ लागले. मी बाहेर बसून मनातल्या मनात प्रार्थना करायचो की या वेळीही पाटी बिघडो. सासऱ्याचा हात स्थिर व्हावा आणि पाटी मात्र बिघडावी, अशी दुहेरी प्रार्थना होती ती. देवाचाही गोंधळ झाला असेल.

साल उलटून परत मे आला. एक पाटी अखेर साधली. फार सुंदर होती. सॉकेटएवढीच रुंद, रेघा सरळ, पाय केसासारखे. आता फक्त ती बसवायची राहिली होती. मामांनी ती दोन बोटांत धरली आणि सॉकेटवर नेली. पाय सॉकेटच्या तोंडाशी आले की हात हले, पुन्हा आणले की पुन्हा हले. दोन पाय वाकले. त्यांनी पाटी खाली ठेवली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, धुराची आठवण ताजी होती. वैशाली पुढे आली, तर तिला म्हणाले, "तू नको. तुझ्याच नशिबाचं हाये ते."

मामी दारात गहू निवडत बसल्या होत्या. ताट बाजूला ठेवून त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून मशीनसमोर बसल्या. या मशीनला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, फडकंसुद्धा मारलं नव्हतं.

"सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांनी सुईच्या टोकाने वाकलेले दोन्ही पाय सरळ केले. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेले हात ते, अजिबात हलत नव्हते.

"शेंडी तुमच्या उजव्या हाताला," मामा म्हणाले. खिडकीचं नाव त्यांनी काढलं नाही. "आधी सगळे पाय भोकात टेकवा. टेकले? आता दाबा. एका बाजूनं न्हाई, दोन्हीकडून सारखं."

"पोळी लाटायला शिकवू नका मला."

पाटी आत गेली. आवाज असा झालाच नाही, नुसती ती आता जागेवर आहे हे सगळ्यांना कळलं.

मामांनी कूलर बंद करायला सांगितला. "तापू द्या. उन्हात बराबर सांगितलं तरच जावई पास." आम्ही चौघं घाम पुसत बसलो. कॅसेट किंचाळली, प्रोग्राम चढला. आधी टेंभुर्णीच्या जोडप्याची पत्रिका घातली. चौतीस. मामांनी मान हलवली. आणखी अर्धा तास जाऊ दिला, परत घातली. चौतीस.

"आता वैशूचं," मामी म्हणाल्या.

वैशालीने स्वतःची जन्मवेळ टाइप केली, मग माझी. पाच मिनिटं. एरवी या पाच मिनिटांत लोक पाऊसपाणी बोलतात. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत होतो. मला खरोखर भीती वाटत होती. हसण्यावारी नेलेली गोष्ट होती ती सगळी, पण मामींचं ते जुनं वाक्य मला तोंडपाठ होतं. माझं काय, मी पांढऱ्या कलिंगडाचा माणूस, दोन दिवसांनी परत जेवायला बसलो असतो. मामांचा मात्र या घरात शब्दच राहिला नसता, आणि तो त्यांनी माझ्यापायी पणाला लावला होता.

आकडा आला.

मामींनी तो वाचला. "बारा."

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा पडद्याकडे बघत होते, विद्यार्थ्याचा पेपर दुसऱ्यांदा तपासताना बघावं तसं. घनसावंगीपर्यंत जाऊन ज्यांनी स्वतःची चूक सांगितली होती, ते आता काय म्हणणार हे मला दिसतच होतं. ते माफी मागणार. मामींची मागणार, वैशालीची मागणार आणि मी कुठे तोंड लपवावं ते मला कळणार नाही.

"मशीन बराबर हाये," मामा म्हणाले. "मी दोनदा तपासलं. पंचांग चुकलंय."

"कोणतं पंचांग?" मामींनी विचारलं.

"सगळेच."

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला पंचांग टांगलेलं होतं आणि मामी त्याला विचारल्याशिवाय पापडसुद्धा लाटत नसत. त्यांनी खुर्चीतूनच तिकडे एकदा वळून बघितलं. "उद्या एकादशी हाये. मंग धरू का नको?"

मामांनी खरोखर विचार केला. "एकादशी बराबर हाये," ते म्हणाले. "फक्त जावयाच्या बाबतीत चुकलेत."

मामी उठल्या. गव्हाचं ताट उचललं आणि आत जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साबुदाणा भिजत घालते. जावईबापूंच्या वाटणीचा पण घालू का, का जेवणार?" इतक्या वर्षांत त्यांनी मला उपासाचं कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो ते मलाही कळलं नाही.

त्यानंतर मामांनी कुणाची पत्रिका जुळवली नाही. कुणी आलं तर म्हणत, बंद केलं. मशीन बिघडलं का विचारलं तर रागवत. पुढच्या थंडीत ते गेले.

माझ्यासाठी आजवर कुणी कुठल्या साहेबाकडे साधा शब्द टाकलेला नाही. या माणसाने माझ्यासाठी सगळी पंचांगं खोटी ठरवली, तेही मशीन खरं आहे हे स्वतः तपासून. त्याचे आभार कसे मानतात ते मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं तेव्हा ते नव्हते.

मला मामा आठवतात ते त्या दुपारचेच. वैशाली आईच्या मागोमाग आत गेली होती. मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसायला घेतला. हात हलत होता, काच काही पुसली जाईना. मी मदत करायला पुढे होणार होतो, पण झालो नाही. टीव्हीवर बारा तसाच होता. चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढेपर्यंत त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.